मारलवाईतला कॅमेरा

जैनूर मंडलातल्या मारलवाई या गोंड गावात एका युरोपीय जोडप्याची समाधी आहे. दर जानेवारीत तिथे गावकरी जमतात, फुले वाहतात, कुळांचे पाटील येतात, सरकारी अधिकारी येतात, दोन-चार भाषणे होतात आणि जेवणे होतात. नवरा व्हिएन्नाचा, बायको इंग्रज. तिचे निधन १९८७ साली हैदराबादेत झाले आणि तिला मूठमाती मारलवाईत देण्यात आली. तो १९९५ साली लंडनमध्ये वारला. पुढे त्याच्याही अस्थी इथेच आणल्या गेल्या. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे त्याचे पूर्ण नाव. आपल्याकडे एवढे नाव कोण घेणार! जुनी माणसे ‘हैमनडार्प साहेब’ म्हणतात आणि तेही घाईघाईने.

हायमेंडॉर्फ यांची ओळख मानववंशशास्त्रज्ञ म्हणून करून दिली जाते आणि ती बरोबरच आहे. पण आपल्या भागात त्यांची पुस्तके वाचलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी. पुस्तके इंग्रजी, जाडजूड आणि दुर्मीळ. फोटो मात्र वाचता न येणाऱ्यालाही वाचता येतात. १९४०च्या दशकातला आदिलाबाद जिल्हा कसा दिसत होता, दंडारीत गुसाडी कसे सजत होते, पेर्सापेनच्या पूजेला कुळे कशी बसत होती, डोंगरमाथ्यावरचा कोलाम कसा राहत होता, हे आज डोळ्यांनी पाहायचे असेल तर त्यांच्या कॅमेऱ्याशिवाय फारसा मार्ग नाही. म्हणून या लेखात पंडित हायमेंडॉर्फ बाजूला ठेवून फोटो काढणाऱ्या हायमेंडॉर्फांविषयी लिहावे असे मनात आहे. दोघे वेगळे काढता येतील की नाही, ते पाहू.

त्यांचा जन्म १९०९चा, व्हिएन्नातल्या खानदानी घराण्यातला. विद्यार्थिदशेत टागोर वाचून हिंदुस्थानची ओढ लागली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९३१ साली व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट, नंतर लंडनला मालिनोव्स्कींच्या वर्गात काही काळ, आणि १९३६ साली थेट आसामच्या पूर्वेला नागा टेकड्यांत. तिथले इंग्रज अधिकारी जे. पी. मिल्स यांची मदत मिळाली आणि कोन्याक नागांच्या गावांत हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण राहिला. त्या मुक्कामावरचे पुस्तक १९३९ साली इंग्रजीत आले. तेही त्यातल्या फोटोंमुळेच जास्त गाजले असावे, असा माझा अंदाज आहे. ते फोटो देखणे आहेत. पण त्यांत अजून पाहुण्याची नजर आहे, काहीतरी अजब सापडल्याचा आनंद आहे. आदिलाबादच्या फोटोंत हा आनंद कमी होत गेला, आणि माझ्या मते फोटो त्यामुळेच चांगले झाले.

इथे ते आले ते नाइलाजाने, ही मोठी गमतीची गोष्ट. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि सगळे ऑस्ट्रियन रातोरात जर्मन प्रजा झाले. त्याच वर्षी हायमेंडॉर्फांचे बेटी बार्नार्डो या इंग्रज तरुणीशी लग्न झाले. १९३९ साली दोघे पुन्हा हिंदुस्थानात आले ते नागांकडे जाण्याच्या बेताने, आणि सप्टेंबरात महायुद्ध पेटले. हाती जर्मन पासपोर्ट म्हणजे इंग्रजांच्या लेखी शत्रूचा नागरिक. ओळखीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी रदबदली केली म्हणून मोठी कैद टळली, पण अट पडली ती निजामाच्या राज्याबाहेर पाऊल न टाकण्याची. नागा टेकड्या राहिल्या दूर. आता ज्या राज्यात कोंडून पडलो तिथेच डोंगर शोधावेत, जंगल शोधावे, असे त्यांनी ठरवले. आधी नल्लमलाच्या जंगलातले चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडारेड्डी, आणि तिसरे आपले राजगोंड. नजरकैदेतल्या माणसाने एका संस्थानाची एवढी मोठी चित्रवही तयार करावी, असे उदाहरण दुसरे कुठे असेल तर मला ठाऊक नाही.

याच संस्थानात फोटोची कला त्याआधी किती बहरली होती! सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे नाव देशभर झालेले. शिकारी, दरबार, लष्करी कवायती, इंग्रज पाहुणे, राजवाड्यांची दालने हे सगळे त्यांच्या काचेच्या प्लेटांवर आहे. दीनदयाळ वारले १९०५ साली आणि आदिलाबाद जिल्हा म्हणून वेगळा निघाला तोही १९०५ साली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला तो योगायोग लक्षात राहिला आहे, कारण राज्याच्या सिंहासनाकडे तोंड करून उभा असलेला कॅमेरा राज्याच्या टोकाकडे वळायला पुढे पस्तीस-छत्तीस वर्षे लागली.

आणि वळला तो कशामुळे? गोळीबारामुळे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगल राखीव झाले, पोडूची शेती बंद झाली, वनखात्याचे शिपाई झोपड्या जाळू लागले, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावे निघू लागली, त्यातून हा उठाव झाला होता. उठाव मोडल्यावर सरकारला प्रश्न पडला, की एवढी शांत जमात हातात बंदूक का घेते? तेव्हा महसूल खाते डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्याकडे होते. हे बस्तरमध्ये राहिलेले, माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलेले इंग्रज अधिकारी. त्यांचा आणि निजाम सरकारचा पाठिंबा घेऊन हायमेंडॉर्फ गोंडांच्या मुलखात आले.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितले, कारण त्या फोटोंकडे पाहताना मला नेहमी हीच गोष्ट आधी आठवते. ज्या सरकारच्या पोलिसांनी काल गोळ्या घातल्या, त्याच सरकारने धाडलेला गोरा माणूस आज डोळ्याला काहीतरी यंत्र लावून आपल्यासमोर उभा आहे. लोकांनी उभे तरी कसे राहावे? पळून का जाऊ नये? सरकारी फोटोचा अनुभव हिंदुस्थानात चांगला नव्हता. १८५७नंतर इंग्रजांनी आठ खंडांचा एक चित्रसंग्रह काढला होता. जातीजमातींचे नमुने गोळा करून खाली त्यांचे स्वभाव लिहिलेले. अमकी जमात विश्वासू, तमकी चोरटी. माणूस उभा करायचा, समोरून एक, बाजूने एक, झाले काम. गुरे बाजारात दात पाहून घेतात त्यातलाच प्रकार.

हायमेंडॉर्फसुद्धा त्याच विद्येच्या शाळेतून आलेले. त्यांच्या फोटोंत हे नमुना पाहणे अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. कितीतरी चित्रांखाली ‘गोंड स्त्री’, ‘कोलाम पुरुष’, ‘परधान’ एवढेच लिहिलेले असते. पण एक मोठा फरक पडला, तो मुक्कामाचा. नवरा-बायको डाकबंगल्यात उतरले नाहीत. मारलवाईत मातीच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले घर गोंडांच्या घरांसारखेच बांधून त्यात राहिले, गोंडी शिकले. पाटील, देवारी, परधान यांच्याबरोबर दिवस काढले. रोज दारात दिसणारा माणूस कॅमेरा घेऊन आला तर लोक ताठरून उभे राहत नाहीत. बेटी बरोबर असल्यामुळे बायकांमध्येही त्यांना परकेपणा राहिला नसावा. एकटा गोरा पुरुष आला असता तर चुलीपाशी, उखळापाशी, लेकरू पाजणाऱ्या आईपाशी त्याचा कॅमेरा पोहोचला असता का? मला शंका आहे. बेटींचे नाव मात्र फोटोंच्या यशात कुणी घेत नाही. त्या स्वतः विदुषी होत्या. दक्षिण आशियाच्या मानववंशशास्त्रावरची मोठी ग्रंथसूची त्यांनी तयार केली. पण आपल्याकडे बाईचे श्रम सूचीतच राहतात.

त्या काळी जंगलात फोटो काढणे सोपे नव्हते, हेही आजच्या वाचकाला सांगायला हवे. फिल्मची प्रकाश टिपण्याची ताकद कमी. गोंडाच्या घराला खिडकी क्वचित, आत दिवसाही अंधार. म्हणून जे टिपायचे ते अंगणात, खळ्यात, देवाच्या झाडाखाली. पावसाळ्यातल्या ओलीने फिल्मला बुरशी धरायची, उन्हाळ्यात ती तापायची. एका रोलवर मोजकीच चित्रे आणि ती उमटली की नाही हे शहरात जाऊन धुतल्याशिवाय कळणार नाही. स्थिर फोटोंखेरीज हायमेंडॉर्फांनी १६ मिलिमीटरची चालती फिल्मही घेतली. आवाजाविना. मुक्या फिल्मवर दंडारी पाहणे हा विचित्र अनुभव असतो. ढोल वाजतो आहे हे हातांवरून कळते, पाय ठेक्यात पडताना दिसतात, आणि कानात काहीच नाही. ज्याने खरी दंडारी ऐकली आहे त्याचे कान ती जागा आपोआप भरून काढतात.

दिवाळी अंकाच्या वाचकाला दंडारीविषयी थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण आपली दिवाळी आणि ती एकाच पंधरवड्यातली. आश्विन पौर्णिमेनंतर गोंड गावांत ढोल बाहेर निघतात. अकाडी देवाची पूजा होते. मग एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी जाते. यजमान गाव त्यांना उतरवून घेते, जेवू घालते, रात्रभर नाच होतो, सोयरिकीही जुळतात. पुढच्या वेळी फेड. त्यात गुसाडी म्हणजे देवाने ज्यांना काही दिवस आपले करून घेतले ती माणसे. अंगाला राख, खांद्यावर कातडे, हाती काठी आणि डोक्यावर शेकडो मोरपिसांचा टोप. सण संपेपर्यंत अंगाला पाणी लावायचे नाही. विदर्भाच्या झाडीपट्टीत ‘दंडार’ म्हणून जो लोकनाट्याचा प्रकार आहे त्याचे आणि या दंडारीचे नाते काय, हे जाणकारांनी सांगावे. नाव तर सख्ख्या बहिणींचे वाटते. आम्ही लहान असताना आमच्या दारात आकाशकंदील आणि वेशीवर गुसाडी अशी दिवाळी असे. आई फराळाचे ताट त्यांच्यासाठी वेगळे काढून ठेवायची आणि आम्ही पोरे तिच्या पदराआडून पाहायचो.

हायमेंडॉर्फांनी टिपलेल्या गुसाड्यांत आणि आजच्या गुसाड्यांत फरक किती, हे पाहण्याचा छंद मला लागला होता. राख तीच, टोप तोच, नाचाची वर्तुळेही तीच. फरक पडला तो भोवतालात. तेव्हाच्या चित्रांत नाचणाऱ्यांच्या मागे नुसती झाडे आहेत.

आता मराठी वाचकाने लक्ष द्यावे अशा गोष्टीकडे येतो. १९४३ साली हायमेंडॉर्फांच्या पुढाकाराने मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड मुलांना त्यांच्या भाषेतून अक्षरओळख करून द्यायची, आणि शिकवणारे गुरुजीही गोंडच असायचे, ही त्यामागची कल्पना. राज्याची भाषा उर्दू, साहेबाची जर्मन आणि इंग्रजी. पण गोंडीची पहिली वाचने छापली गेली ती देवनागरीत. कारण उघड होते. तेव्हाच्या आदिलाबादच्या बाजारात, खळ्यावर, देवघेवीत गोंडांना जी दुसरी भाषा येत होती ती मराठी. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्रात राहिला. अक्षरांची दिशा बदलली. आजोबा देवनागरी, नातू तेलुगू, अशी घरे मी कितीतरी पाहिली आहेत, गोंडांची आणि आपलीही. पुढे नारनूर मंडलातल्या गुंजाळ्याला गोंडीची स्वतःची जुनी लिपी हस्तलिखितांत सापडली, तेव्हा एका वयस्क गोंड मित्राने मला हसत हसत म्हटले होते, ‘‘गुरुजी, तुमची बी गेली, त्यांची बी राहू द्या, आता आमची आली.’’

याच कामाच्या ओघात एक मराठी माणूस या डोंगरांत आला आणि आपल्याच लोकांनी त्याची ही बाजू विसरून टाकली. सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे. मराठ्यांच्या इतिहासाचे, फारसी-उर्दूचे जाणते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण निजामाच्या नोकरीत असताना ते आदिलाबादच्या आदिवासी भागात अधिकारी होते, गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. हायमेंडॉर्फांनी डोळ्यांनी जे टिपले ते पगडींनी कानांनी टिपले, असे म्हणायला हरकत नाही. तरी मारलवाईच्या भाषणांत एकाचे नाव दहादा येते आणि दुसऱ्याचे येत नाही. पगडींच्या बाबतीत हे बरोबर झाले नाही, असे मला वाटते.

फोटोंनी सरकार हलते का? एकट्या फोटोंनी नाही. हायमेंडॉर्फांच्या बाबतीत फोटोंच्या बरोबर अहवाल होते, गावोगावची नावे, सर्व्हे नंबर, कुणाची जमीन कुणाकडे कशी गेली याच्या हकिकती होत्या. १९४५ साली त्यांचे चार अहवाल पुस्तकरूपाने निघाले. त्याच सुमारास निजाम सरकारने त्यांना आदिवासी व मागास वर्गांचे सल्लागार नेमले. गोंड-कोलामांच्या नावे एक लाख एकरांहून जास्त जमिनीचे पट्टे झाले. १३५६ फसलीचा आदिवासी क्षेत्रांचा कायदा आला. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला, तो आजही भरतो. १९४८ साली राजगोंडांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला आणि १९४९मध्ये ते तिकडे शिकवायला गेले. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे लंडनची आणि बरीचशी नेपाळची. १९५३पासून ते शेर्पांच्या मुलखात जात राहिले. त्यांच्या कारकिर्दीचे मोठे नाव झाले ते तिथल्या कामाने. आपले आदिलाबाद त्या कारकिर्दीतला एक अध्याय, एवढेच जगाच्या लेखी.

पण निवृत्तीनंतर, १९७६च्या पुढे, साठी ओलांडलेला हा माणूस बायकोला घेऊन पुन्हा याच रस्त्यांनी फिरला. जुनी गावे, जुनी घरे, जुने फोटो बरोबर. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा भाग. एकदा येऊन सुंदर चित्रे घेऊन जाणारे पुष्कळ. पस्तीस वर्षांनी त्याच अंगणात येऊन ‘ते शेत कुठे गेले?’ असे विचारणारे थोडे. १९७९ आणि १९८२ साली आलेल्या पुस्तकांत त्यांनी जे लिहिले ते वाचताना मराठी वाचकाला अस्वस्थ व्हायला होते. १९४०च्या दशकात पट्टे मिळालेली कितीतरी जमीन पुन्हा हातची गेली होती. कर्जात, बटईत, नुसत्या अंगठ्यावर. रस्ता झाला की रस्त्याकाठची काळी जमीन आधी जाई आणि गोंड डोंगराकडे सरके. आदिवासी भागातली जमीन बिगर-आदिवासीला विकता येणार नाही असा १९५९चा कायदा १९७० साली आणखी कडक झाला होता. पण कायदा हैदराबादेत आणि जमीन इथे. घेणारे कोण? तेलुगू होते, मुसलमान होते, सावकार होते, आणि महाराष्ट्रातून आलेले आपले शेतकरीही होते. शिवाय १९७६च्या कायद्याने तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातींत आले. महाराष्ट्रात ते त्या यादीत नाहीत, म्हणून सीमेपलीकडून स्थलांतर वाढले, हेही हायमेंडॉर्फांनी नोंदवले आहे. त्या वादाची धग आजही विझलेली नाही. १९८१च्या एप्रिलमध्ये इंद्रवेल्लीला गोळीबार झाला तो जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर.

आमचे आजोबा परभणीकडून बैलगाडीने या मुलखात आले. तिकडे दुष्काळ, भाऊबंदकी, कर्ज, आणि इकडे ‘काळी जमीन मोकळी आहे’ अशी बाजारातली वार्ता. ती मोकळी नव्हती, एवढेच हायमेंडॉर्फांची पुस्तके सांगतात. आजोबा काही सावकार नव्हते. दोन बैल आणि एक नांगर एवढाच त्यांचा पसारा होता आणि पहिली तीन वर्षे त्यांनी एका गोंड पाटलाचीच जमीन बटईने केली. त्या पाटलाच्या घरचे लोक आमच्याकडे लग्नाकार्याला येत, आम्ही त्यांच्याकडे जात असू. हे खरे, आणि पुस्तकात लिहिलेले तेही खरे. दोन्ही एकाच पानावर मांडलेले मी कुठे वाचले नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेवरच्या अन्यायाविषयी बोलायला आवडते. मलाही आवडते. शाळा बंद पडतात, मराठी शिक्षकाची जागा भरत नाहीत, ही दुःखे खोटी नाहीत. पण त्या फोटोंतल्या माणसाला आपण कसे दिसत होतो, हे विचारायची सवय आपल्याला नाही. मला तरी त्या चित्रांनी ती थोडी लावली.

हायमेंडॉर्फांवरही आक्षेप घेता येतात आणि घेतले पाहिजेत. त्यांनी गोंडांना जसेच्या तसे जपून ठेवण्याची इच्छा धरली, असे काही म्हणतात. त्यांची शहरी कपड्यांतली, शाळा शिकलेली, कोर्टात उभी राहिलेली रूपे त्यांना तितकी भावली नसावीत, असे फोटो पाहून मलाही वाटते. सणाची चित्रे पुष्कळ, कचेरीच्या पायरीवर दिवसभर बसलेल्या गोंडाची थोडी. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हे सगळे आहे कुठे? हजारो फोटो, फिल्मची रिळे, टिपणवह्या, सारे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत. जपणूक उत्तम आहे, यात वाद नाही. इथे राहिले असते तर वाळवीने एव्हाना संपवले असते, असे आपलेच लोक म्हणतात, आणि आपल्या कचेऱ्यांची दप्तरे पाहिली की उत्तर देता येत नाही. तरी ज्या आजीचा चेहरा त्या काचेआड आहे तिच्या नातीला तो पाहायला सात समुद्र ओलांडावे लागावेत, हे काही बरे नव्हे. अलीकडे संगणकामुळे ही वाट थोडी सोपी झाली आहे. हिमालयातल्या त्यांच्या फिल्म तर कधीच सर्वांना पाहता येऊ लागल्या. हायमेंडॉर्फांचे विद्यार्थी अ‍ॅलन मॅकफार्लेन यांचा त्यात मोठा वाटा.

मारलवाईच्याच कनकराजू यांना गुसाडी नाचासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. ज्या गावात कॅमेरा येऊन राहिला त्या गावच्या नाचणाऱ्याचे नाव पहिल्यांदा सगळ्या देशाने घेतले. चित्राखाली ‘गुसाडी नर्तक’ एवढेच छापून भागण्याचे दिवस संपले म्हणायचे. त्यांनी कित्येक तरुणांना हा नाच शिकवला. २०२४च्या ऑक्टोबरात, दिवाळीला आठवडा उरला असताना, ते गेले.

आमचे एक गोंड शिक्षक-मित्र गेली काही वर्षे एक काम करीत आहेत. हायमेंडॉर्फांच्या पुस्तकांतल्या चित्रांच्या मोठ्या प्रती काढून ते गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवतात आणि नावे विचारतात. वही साधी, शाळेची. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. काम वाटते तेवढे सोपे नाही. म्हाताऱ्यांचे डोळे अधू, चित्र कृष्णधवल, आणि १९४२ साली जो तरुण होता त्याला म्हातारा झाल्यावर पाहिलेले लोकही आता थोडे. चेहऱ्यावरून ओळख क्वचित पटते. बैलाच्या शिंगावरून पटते, देवाच्या झाडावरून पटते, ढोलाला लावलेल्या ठिगळावरून पटते.

एका गावी पंच्याऐंशीच्या घरातल्या एका आजीपुढे त्यांनी उखळाशी उभ्या असलेल्या बाईचे चित्र धरले. आजीने ते उन्हात नेले, डोळ्यांजवळ घेतले, दूर धरले. मग बाईच्या हातावरच्या गोंदणावर बोट ठेवून गोंडीत काहीतरी भराभरा बोलल्या.

‘‘काको, मराठीत सांग की, गुरुजींना समजंना,’’ माझे मित्र म्हणाले.

‘‘अरे बापू, ही माझी मावशी. गोंदन बघ तिचं. माझ्या मायचं बी असंच होतं.’’

शेजारी बसलेल्या त्यांच्या धाकट्या जावेने चित्र हातात घेतले आणि मान हलवली. मावशी नव्हे, ती तर हिची मोठी बहीण. मावशी एवढी उंच नव्हती. त्यावर दोघींची जुंपली. लग्न कुणाचे आधी झाले, हातातल्या चांदीच्या पाटल्या कुणाकडे होत्या, त्या कुणी मोडल्या, सगळे निघाले. अर्धा तास गेला, चहा झाला, तरी निकाल लागेना.

मित्राने वहीत दोन्ही नावे लिहून घेतली, पेन्सिलीने. पुढच्या खेपेला आजीची माहेरकडची एक बहीण उटनूरला येणार आहे, तिला विचारायचे ठरले आहे.